एका आईचे पत्र : अपंगांच्या हक्कांची वकिली म्हणजे काय?





निकालाचे दिवस जवळ आले की "पुढे काय?" हा प्रश्न घरोघरी निघतो. डॉक्टर, इंजिनियर, सी. ए. यांच्याविषयी आपल्या पत्रिकेत पुष्कळ लिहून झाले आहे. वकिलीचे नाव काढले की मात्र आपल्या मराठी घरांत "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण ठरलेली. म्हण जुनी आहे, अनुभवाची आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. पण ज्याला ती पायरी चढताच येत नाही, त्याने काय करावे? चाकाच्या खुर्चीवर बसणारा, डोळ्यांनी न दिसणारा, कानांनी ऐकू न येणारा, अशा माणसाच्या हक्कासाठी उभे राहणारे वकील आपल्या देशात आहेत. त्यांच्या कामाविषयी या अंकात थोडे विस्ताराने लिहीत आहे. त्यातला एक मोठा खटला आपल्याच प्रदेशातला आहे, आणि ज्या कायद्यावर त्याचा निकाल उभा आहे तो कायदा आपल्या शाळेलाही लागू आहे.

त्या खटल्याची सुरुवात एका पत्राने झाली.

मध्य प्रदेशात सिव्हिल जज, म्हणजे दिवाणी न्यायाधीश, या पदासाठी जी परीक्षा होते ती उच्च न्यायालय घेते. जबलपूरला त्याचे मुख्य पीठ आणि इंदूर व ग्वाल्हेर येथे खंडपीठे. आपल्या शहरातले महात्मा गांधी मार्गावरचे हायकोर्ट मुलांनी बाहेरून पाहिलेच आहे. या भरतीचे नियम १९९४ चे आहेत. २०२३ मध्ये त्यांत '६-अ' हा नियम आला. अपंगांसाठी जागा राखून ठेवताना त्यातून दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी उमेदवार वगळले गेले. म्हणजे एखाद्या मुलाने किंवा मुलीने कायद्याची पदवी घेतली, कलमे पाठ केली, वर्गात पहिला नंबर काढला, तरी डोळ्यांनी दिसत नाही एवढ्या कारणाने न्यायाधीशपदाची वाट बंद.

२०२४ च्या सुरुवातीला अशाच एका उमेदवाराच्या आईने थेट भारताच्या सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्या वेळी न्या. धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश होते. न्यायालयाने ते पत्र फाईलला लावून ठेवले नाही, त्यालाच याचिका मानले. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३२ प्रमाणे मूलभूत हक्कासाठी कोणीही नागरिक सरळ सर्वोच्च न्यायालयाकडे जाऊ शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्याला घटनेचा आत्मा म्हटले, ते हेच कलम. पत्राची याचिका होणे ही पद्धत आपल्या न्यायालयात बऱ्याच वर्षांपासून आहे, पण दरवेळी होतेच असे नाही. पत्रात मुद्दा असावा लागतो. त्या आईच्या पत्रात तो होता.

आता आईने पत्र लिहिले, पण बाजू कोण मांडणार? अशा वेळी न्यायालय स्वतः एका जाणत्या वकिलाला मदतीला बोलावते. त्याला 'न्यायमित्र' म्हणतात. शब्द मला फार आवडतो. न्यायमित्र कोणा एका पक्षाचा वकील नसतो, तो न्यायालयाला सगळा विषय उलगडून दाखवतो. या खटल्यात ज्येष्ठ अधिवक्ता गौरव अग्रवाल न्यायमित्र होते. निकाल काय लागला ते पुढे येईलच. पण तो समजायचा तर आधीची तीस-बत्तीस वर्षे समजून घेतली पाहिजेत, कारण कायद्यात कोणताही निकाल आभाळातून पडत नाही, जुन्या निकालांच्या खांद्यावर चढून येतो.

त्याआधी शब्दांविषयी थोडेसे. आमच्या लहानपणी 'अपंग' म्हणत. मी शिकले हिंदी माध्यमात, तिथे 'विकलांग' आणि 'नि:शक्तजन' होते. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, आणि आता सरकारी कागदांवर तोच आहे. काही अपंग कार्यकर्त्यांना तो आवडत नाही. दिव्य वगैरे काही नको, बसमध्ये चढता येऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. या लेखात मी 'अपंग' हाच शब्द वापरते, कायद्याचे नाव घेताना 'दिव्यांग'. कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नाही.

या क्षेत्रातले वकील एक गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगत आले आहेत. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस पोस्टात जाऊ शकत नाही. का? आपण पटकन म्हणतो, त्याचे पाय चालत नाहीत म्हणून. ते म्हणतात, पोस्टाला पायऱ्या आहेत म्हणून. पाय तेच, माणूस तोच, पण पायरीच्या जागी उतार केला की तो आत जाऊन आपले पत्र स्वतः टाकतो. अडचण कुठे ठेवायची, माणसात की पायरीत, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. माणसात ठेवली तर त्याला दया मिळते. पायरीत ठेवली तर पायरी बांधणाऱ्याला उत्तर द्यावे लागते. वकिलाचे काम या दुसऱ्या ठिकाणी सुरू होते.

आपल्याकडे अपंग व्यक्ती वकिलीत फार पूर्वीपासून आहेत. कोलकात्याचे साधन गुप्ता दृष्टिहीन होते. ते बॅरिस्टर-वकिलांच्या जमान्यात वकील झाले, १९५३ मध्ये लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे पश्चिम बंगालचे महाधिवक्ताही झाले. पण एका कर्तबगार माणसाने वाट काढणे वेगळे, आणि सगळ्यांसाठी वाट मोकळी होणे वेगळे.

ती मोकळी करणाऱ्यांत एस. के. रुंगटा यांचे नाव घ्यावेच लागेल. ते स्वतः दृष्टिहीन, दिल्लीचे ज्येष्ठ अधिवक्ता, आणि 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' या संस्थेचे कार्यकर्ते. आय.ए.एस. वगैरेसाठी जी परीक्षा होते, तिला दृष्टिहीनांना बसता येत नव्हते, कारण पेपर लिहायचा कसा? या संस्थेच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पात्र दृष्टिहीन उमेदवारांना बसू द्या, आणि त्यांना ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने उत्तरे लिहू द्या. लक्षात घ्या, तेव्हा अपंगांच्या हक्काचा वेगळा कायदासुद्धा नव्हता. नुसत्या घटनेतल्या समानतेच्या तत्त्वावर हे मिळवले. आज उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे नाव आपल्याला कौतुकाने माहीत आहे. दृष्टिहीन असून त्या २०१७ च्या परीक्षेत १२४ व्या आल्या आणि आय.ए.एस. झाल्या. त्यांची बुद्धी आणि कष्ट त्यांचेच आहेत. परीक्षेच्या दाराची कडी मात्र १९९३ मध्ये निघाली होती.

कायदा आला १९९५ च्या डिसेंबरमध्ये. तो येण्यासाठी दिल्लीत जे अपंग कार्यकर्ते झटले, त्यांत जावेद अबिदी पुढे होते. अबिदी वकील नव्हते, पत्रकारितेतून आलेले होते आणि चाकाच्या खुर्चीवरून वावरत. संसदेसमोर अपंगांनी धरणे धरले आणि त्याच अधिवेशनात कायदा मंजूर झाला. पुढे अबिदींनी विमानतळांवरच्या गैरसोयीबद्दल स्वतः सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि १९९८ मध्ये विमानात चढण्या-उतरण्याच्या सोयींविषयी आदेश मिळवले. २०१८ मध्ये ते गेले. वकील न होताही या कामात किती करता येते, याचे ते उदाहरण आहेत.

आता एक गणित. आठवीच्या मुलांनी वही-पेन्सिल घ्यावी. १९९५ च्या कायद्यात लिहिले होते की सरकारी नोकऱ्यांत किमान ३ टक्के जागा अपंगांसाठी. वाचायला सोपे. पण ३ टक्के कशाचे? समजा एका विभागात १००० जागा आहेत. सरकार म्हणे, यांतल्या फक्त २०० जागाच अपंगांना जमण्यासारख्या आम्ही ठरवल्या आहेत, म्हणून वरच्या दोन वर्गांच्या पदांसाठी २०० चे ३ टक्के. किती झाले? ६. वकील म्हणत, कायद्यात 'एकूण जागा' आहेत, म्हणून १००० चे ३ टक्के. किती झाले? ३०. (आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत.) जमण्यासारख्या जागा ठरवणारे हात सरकारचेच, म्हणजे यादी जितकी आखूड तितके आरक्षण कमी. हा वाद रुंगटा यांनी दिल्ली उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल लागला. हिशोब एकूण रिक्त जागांवर करायचा, चारही वर्गांच्या पदांना एकच पद्धत. त्या खंडपीठावर न्या. रंजना देसाई याही होत्या. कायदा १९९५ चा, आणि त्यातल्या एका टक्केवारीचा अर्थ पक्का व्हायला अठरा वर्षे लागली. जे विद्यार्थी गणिताला कंटाळून 'आर्ट्स घेऊन वकील होतो' म्हणतात, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

२००६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांच्या हक्कांचा करार केला. भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानुसार जुना कायदा बदलणे भाग होते. तसा नवा 'दिव्यांगजन अधिकार अधिनियम' २०१६ मध्ये आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्यात ७ प्रकारचे अपंगत्व होते, नव्यात २१ आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्याचे बळी, आणि शाळांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे म्हणजे स्वमग्नता व वाचन-लेखनातल्या विशिष्ट अडचणी, हे सगळे त्यात आले. नोकरीतले आरक्षण ४ टक्के झाले.

पण माझ्या मते या कायद्याचा कणा टक्केवारी नाही. एक साधी कल्पना आहे. इंग्रजी शब्दाचे कोणी 'वाजवी सोय' असे मराठी करतात, तेच घेऊ. अर्थ असा की समान वागणूक म्हणजे सगळ्यांना एकसारखेच देणे नव्हे. ज्याला ज्या बदलाची गरज आहे तो बदल, समोरच्यावर अवाजवी ओझे न पडता शक्य असेल, तर तो केलाच पाहिजे. आणि पुढची ओळ मोठी आहे. अशी सोय नाकारणे हाच कायद्याने भेदभाव. आम्ही कोणाला हाकलले नाही, फक्त सोय केली नाही, हे उत्तर आता चालत नाही.

ही कल्पना प्रत्यक्षात कशी लढली जाते ते विकाश कुमार यांच्या खटल्यात दिसते. ते डॉक्टर, एम.बी.बी.एस. झालेले. त्यांना असा विकार आहे की लिहायला घेतले की हाताचे स्नायू आखडतात आणि अक्षर पुढे सरकत नाही. २०१८ च्या केंद्रीय सेवा परीक्षेसाठी त्यांनी लेखनिक मागितला. आयोगाने नकार दिला. कारण नियमाप्रमाणे लेखनिक ठरावीक प्रकारच्या आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांनाच. आता हा ४० चा आकडा कायद्यात आहे खरा, पण कशासाठी? आरक्षणासारख्या लाभांसाठी. लेखनिक हा लाभ आहे का? वकिलांचा मुद्दा असा की लेखनिक मिळाल्याने विकाश कुमार यांना एक गुणही फुकट मिळणार नव्हता. डोक्यातले उत्तर कागदावर उतरणार होते, इतकेच. न्या. चंद्रचूड, न्या. इंदिरा बॅनर्जी आणि न्या. संजीव खन्ना यांच्या खंडपीठाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हा मुद्दा मान्य केला. लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट नाही. गैरवापर होईल अशी भीती आयोगाने घातली होती. त्यावर न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की काही जण गैरफायदा घेतील म्हणून गरजवंतांचा हक्क काढून घेता येत नाही. सरकारला नवे नियम करावे लागले, ते २०२२ मध्ये आले.

आम्हा शिक्षकांना हा निकाल जवळून लागतो. परीक्षा कशाची घ्यायची, विषयाची की हस्ताक्षराच्या वेगाची? दोन्ही एकाच पेपरात मिसळून गेली आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही.

गोव्याशी संबंध असलेली एक हकिगतही सांगण्यासारखी आहे. कोलकात्याच्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी. त्या स्वतः अपंगांच्या क्षेत्रात काम करतात. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी गोव्यातल्या परिषदेसाठी त्या विमानात बसल्या, आणि त्यांची स्थिती पाहून एका खाजगी कंपनीच्या विमानातून त्यांना उतरवले गेले. परिषद अपंगांच्याच प्रश्नांवर होती, हे विशेष. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ च्या निकालात कंपनीला दहा लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला लावली. पैशापेक्षा निकालाची भाषा महत्त्वाची होती, कारण त्यात प्रश्न सोयीचा नसून माणसाच्या प्रतिष्ठेचा म्हणून मांडला गेला.

आता आपल्या प्रदेशाच्या खटल्याकडे परत येऊ.

न्यायाधीशाला डोळे हवेतच, असे वाटणे स्वाभाविक आहे. साक्षीदाराचा चेहरा पाहायचा, कागद तपासायचे, सह्या जुळवायच्या. आणि हे नुसते वाटणे नव्हते, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालाने तामिळनाडूचा तसा नियम उचलून धरला होता. त्यात पाहणे, ऐकणे, बोलणे या शक्ती न्यायाधीशाकडे पुरेशा असाव्यात असे मानले होते. म्हणजे त्या आईच्या बाजूने उभे राहणाऱ्याला आधी ही भिंत ओलांडायची होती. इथे विकाश कुमारचा निकाल कामी आला. २०१९ च्या निकालात वाजवी सोयीचा विचारच झालेला नाही, म्हणून तो पुढे धरून चालता येणार नाही, असे त्यात आधीच म्हणून ठेवले होते. लेखनिकाच्या खटल्याने न्यायाधीशाच्या खुर्चीची वाट मोकळी केली. खांद्यावर चढून येतो म्हणाले, ते हे.

दुसरे, प्रत्यक्ष उदाहरणे. दक्षिण आफ्रिकेत झॅक याकूब हे लहानपणापासून दृष्टिहीन असलेले वकील १९९८ ते २०१३ अशी पंधरा वर्षे तिथल्या घटना न्यायालयाचे न्यायाधीश होते. आपल्याकडेही काही राज्यांत दृष्टिहीन न्यायाधीश काम करत आहेत. आज कॉम्प्युटरवरचे सॉफ्टवेअर मजकूर मोठ्याने वाचून दाखवते, आणि सरावलेला दृष्टिहीन वकील ते इतक्या वेगाने ऐकतो की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही. अट एकच, कागद नीट टाईप केलेला हवा. कागदाचा नुसता फोटो काढून फाईल केली, तर त्या सॉफ्टवेअरला तो कोरा कागद. राहिला साक्षीदाराचा चेहरा. खोटे बोलणारा माणूस चेहऱ्यापेक्षा आवाजात आणि हकिगतीच्या विसंगतीत जास्त सापडतो, हे वर्गावर तीस वर्षे काढलेला कोणताही शिक्षक सांगेल!

३ मार्च २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांनी निकाल दिला. दृष्टिहीन आहेत एवढ्यावरून कोणाला न्यायाधीशपदासाठी अयोग्य ठरवता येणार नाही. नियम ६-अ जेवढ्यापुरता त्यांना वगळत होता तेवढ्यापुरता रद्द. आणखी एक अट होती, तीन वर्षांची वकिली किंवा पहिल्याच प्रयत्नात ७० टक्के गुण. अपंग उमेदवारांपुरती तीही काढली. अप्रत्यक्ष भेदभावाचा मुद्दा त्यात फार चांगला आला आहे. कोणीही उघडपणे "तुम्ही येऊ नका" म्हणत नाही, फक्त अशी अट घालतात की तुम्ही येऊच शकणार नाही. राजस्थानच्या अपंग उमेदवारांचेही म्हणणे त्याच सुनावणीत ऐकले गेले, आणि अपंगांसाठी वेगळी गुणमर्यादा ठेवावी लागेल हे स्पष्ट झाले.

पत्र लिहिणाऱ्या आईला यातली किती कलमे माहीत असतील, सांगता येत नाही. तिला आपले मूल माहीत होते.

या कामाची दुसरी बाजूही मुलांनी समजून घ्यावी, नाहीतर सिनेमातल्यासारखे वाटेल. निकाल लागला की काम संपत नाही, पुष्कळदा तिथे सुरू होते. राजीव रतुरी हे दृष्टिहीन कार्यकर्ते. सार्वजनिक इमारती, रस्ते, वाहने अपंगांना वापरता यावीत म्हणून त्यांनी याचिका केली. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारांना मुदती घालून आदेश दिले. मुदती आल्या आणि गेल्या. प्रकरण पुन्हा उभे राहिले आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाला म्हणावे लागले की कायदा सक्ती सांगतो आणि सरकारचे नियम नुसते सल्ले देतात, हे चालणार नाही. किमान मापे सक्तीची ठरवा, तीन महिन्यांत. वकिलाचे अर्धे आयुष्य असे तारखा मोजण्यात, माहितीचे अर्ज करण्यात आणि टेप घेऊन पायऱ्या मोजण्यात जाते. यात फार पैसा नाही. पण माझे एक मत आहे, आपल्या मुलांपैकी एखाद-दुसऱ्याने तरी इकडे वळावे.

टेपवरून आठवले. विश्वस्तांनी हा भाग कृपया जरा लक्षपूर्वक वाचावा. २०१६ च्या कायद्याचे कलम १६ सरकारी अनुदान घेणाऱ्या तसेच मान्यताप्राप्त शाळांना लागू आहे, म्हणजे आपल्याला आहे. अपंग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि आवार त्याला वापरता येईल असे ठेवायचे, त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायची, आणि वाचन-लेखनाची अडचण असलेली मुले लवकर ओळखायची. इमारतीचे म्हणाल तर उताराचे माप १ ला १२ आहे. म्हणजे एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी. आपल्या दर्शनी दारापाशी तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटीमीटर धरली तर उंची ४५, म्हणून उतार हवा ५४० सेंटीमीटर, जवळजवळ अठरा फूट. तेवढी जागा समोर नाही, पण बाजूच्या दाराकडे भिंतीला धरून वळण देऊन बसू शकेल. दोन फळ्या टाकून केलेला उतार मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. त्यावरून चाकाची खुर्ची चढत नाही, घसरगुंडी मात्र छान होते. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर हवी. तळमजल्याच्या स्वच्छतागृहाचे दार मोजून ठेवायला सांगितले आहे. हे दोन्ही विषय इमारत समितीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे, आणि पालकांपैकी कोणी सिव्हिल इंजिनियर असतील त्यांनी त्याआधी येऊन जागा पाहिली तर फार बरे होईल.

पालकांसाठीही थोडे. आपल्या मुलाला काही अडचण आहे हे प्रवेशाच्या वेळी सांगायला घरचे घाबरतात. शाळा घेणार नाही, लोक काय म्हणतील. सांगितले नाही तर सोय कशाची करायची हे आम्हाला कळत नाही, आणि दहावीचा अर्ज भरायच्या वेळी धावपळ होते. ६ ते १८ वर्षांच्या, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क कायद्याने आहे. अपंगत्वाचा दाखला आणि 'यू.डी.आय.डी.' कार्ड यासाठी 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करता येतो, तपासणी सरकारी वैद्यकीय मंडळ करते. त्याला वेळ लागतो, म्हणून नववीतच करून घ्यावे. लेखनिकाला आपल्याकडे हिंदीत श्रुतलेखक म्हणतात, अर्जावर तोच शब्द दिसला तर गोंधळू नये. ज्याला जादा वेळ मिळतो त्याला केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. नेमक्या अटी त्या-त्या मंडळाच्या असतात, त्या कार्यालयात श्रुतलेखकाच्या अर्जासोबत ठेवल्या आहेत.

आणि कुठे अडवणूक झाली तर प्रत्येक वेळी दिल्लीला पत्र पाठवायची गरज नाही. कायद्याने प्रत्येक राज्यात दिव्यांगजनांसाठी राज्य आयुक्त असतात. साक्षीदार व कागदपत्रे बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत, आणि त्यांनी केलेल्या शिफारशीवर काय केले हे संबंधित खात्याला तीन महिन्यांत कळवावे लागते. वकिलाची फी परवडत नसेल तर १९८७ च्या कायद्याने अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात 'जिला विधिक सेवा प्राधिकरण' अशी पाटी असलेले कार्यालय शोधावे. अर्ज हिंदीत चालतो. फोन करायचा असेल तर क्रमांक १५१०० आहे.